गुरुवारचा रकाना

किल्ला दहाला उघडतो, रूफस पाचला.
मधले पाच तास कुठे ठेवायचे
हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

हलमधल्या आमच्या स्वयंपाकघरात
वीजबिलाच्या पाठीवर
मी आठवड्याचे सात रकाने आखलेत.
शनिवार भरला: गाडीत दोन ओकाऱ्या धरून चाललेय,
एक घाटात, एक घाट संपल्यावर.
रविवारी पाऊस. सोमवारीही पाऊसच,
पण सोमवारचा मी धरणाजवळ ठेवलाय,
तिथे आडोशाला बाक आहे
आणि भिंतीपलीकडे बदकं.
मंगळवारी वाफेचं इंजिन, जे मंगळवारी बंद असतं,
असं खाली मुंगीएवढ्या अक्षरात.

बहीण म्हणाली, चार वर्षांच्या पोराला
काय कळतात गं डोंगर!
ब्लॅकपूलला ने, गाढवावर बसव, मोकळी हो.

मिसेस ॲल्डरसनना फोन केला,
त्यांच्या गोठ्यावरच्या दोन खोल्या घेतल्यात आम्ही.
विचारलं, लहान मुलांसाठी काय आहे तिकडे?
पलीकडे बराच वेळ नुसती केटलीची शिट्टी.
मग म्हणाल्या, ओढा आहे.
मग म्हणाल्या, ओढ्यात दगड आहेत.
मग, मला वाईट वाटू नये म्हणून बहुधा,
एका डोळ्याची कोंबडी आहे एक.
मी लिहून घेतलं.

नकाशा गॅरेथच्या वडिलांचा.
घड्यांवर झिजलेला, चिकटपट्टीने जगवलेला,
एक अख्खं गाव घडीत गेलंय.
जागोजाग त्यांची पेन्सिल:
'चहा बरा.' 'फाटक लावून घेणे.'
'इथे गॅरेथ रडला.'
आणि एका हिरव्या तुकड्यावर, खाली दोन रेघा मारून,
'बैल.'

गॅरेथ हा नकाशा उघडत नाही.
माळ्यावरून काढून टेबलावर ठेवला, तेवढंच,
आणि बंदरावर रात्रपाळीला निघून गेला.

या गोल गोल रेषा कसल्या? रूफसने विचारलं.
चढाच्या, म्हटलं. जितक्या जवळ, तितका चढ.
त्याने तळहात फिरवून पाहिला.
खोटं. सपाट आहे.
आणि जांभळा मेणखडू घेऊन निघालासुद्धा,
चहापासून फाटकापर्यंत, फाटकापासून रडण्यापर्यंत,
नदी पुलाशिवाय ओलांडून.
मी ओल्या हातांनी पोचेपर्यंत
हा बैलाशेजारी उभा.

मी ओरडणार होते. आवाज घशात तयार होता.
अजून आहे का तो? त्याने विचारलं.

रात्रीचे साडेआठ.
शेतावरची माणसं कोंबड्यांबरोबर झोपतात म्हणे,
तरी लावला फोन.
कुठल्या सालचा बैल? मिसेस ॲल्डरसननी विचारलं,
जणू असे फोन त्यांना रोज येतात.
मी नकाशाच्या कोपऱ्यातलं साल सांगितलं.
त्या हसल्या नाहीत.
तो गेला हो. पण त्याच्या पणतीची पणती आहे,
तिलाही माणसं फारशी आवडत नाहीत.
फाटक लावून घ्या म्हणजे झालं.

गुरुवारचा किल्ला खोडला.
लिहिलं: बैलाची पणती.

सकाळी सहाला गॅरेथ आला, अंगाला डिझेलचा वास.
रूफस केव्हाचाच उघडला होता.
जांभळी रेघ दिसली, तसा गॅरेथ
कोट न काढताच बसला,
बोटाने चालत गेला तिच्यावरून, सावकाश,
कड्यांशी जरा थबकत,
आणि रडला होता तिथे थांबला.

इथे माझा बूट चिखलात राहिला, म्हणाला.
एकच.

रूफस त्याच्या मांडीवर चढला.
मग दुसऱ्याचं काय केलंस?